भोसरीची पांढरी खडी

आमच्या कॉलेजच्या मागच्या गेटवर आवक-जावकचं एक जाडजूड रजिस्टर असतं. मे २०२१ मधल्या त्याच्या एका पानावर वॉचमनने लिहून ठेवलंय: 'पांढरी खडी, २ डबे, भोसरी'. ती खडी नव्हती, झिओलाइट होता, म्हणजे बारीक छिद्रांचा खनिज पदार्थ. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गोळ्या, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात भरायच्या. पण रजिस्टरमध्ये असल्या मालाला रकाना नव्हता. केमिकल विभागाच्या मॅडमनी दोनदा समजावूनही वॉचमनला तो शब्द लिहिता येईना, म्हणून त्याने दिसलं ते लिहिलं. हे प्रकरण त्या दोन डब्यांचं आहे.

त्या वेळी मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात उद्योग-संपर्काचं काम बघत होतो. म्हणजे कंपन्यांशी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, करायचे, शाल-श्रीफळाचा फोटो काढायचा आणि तो मूल्यांकनाच्या फायलीत लावायचा. दहा वर्षांत असे पन्नासेक एमओयू माझ्या हातून गेले असतील. प्रत्यक्ष काम झालं ते यातल्या फार थोड्यांतून, आणि त्यातलं हे एक. कॉलेज, कारखाना आणि रुग्णालय यांची नावं मी देत नाही, कारण तिघांकडेही माझं अजून जाणं-येणं आहे.

कारखाना

भोसरी एमआयडीसीच्या जे ब्लॉकमध्ये पत्र्याची एक शेड. दोन व्हीएमसी आणि तीन सीएनसी टर्निंग अशी संगणकावर चालणारी मशीनं, कोपऱ्यात मालकाने धंदा सुरू करताना घेतलेलं जुनं लेथ आणि चौदा माणसं. मालक साताऱ्याकडचे, आयटीआय टर्नर. वीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर काढून मग स्वतःची शेड टाकलेली. कामगार त्यांना शेठ म्हणतात, मी दादा म्हणतो. दुचाकीच्या इंजिनात लागणारे ॲल्युमिनियमचे तीन जॉब, म्हणजे सुटे भाग, ते करायचे. कंपनीला थेट नाही, कंपनीच्या व्हेंडरच्या (माल पुरवणाऱ्याच्या) व्हेंडरला. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात अशी हजारो शेड आहेत. मोठ्या कंपनीला सर्दी झाली की यांना न्यूमोनिया होतो, असं तिथे गमतीने म्हणतात.

तो न्यूमोनिया कोविडच्या आधीच लागला होता. २०१९ मध्ये वाहनउद्योग मंदावलेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या प्रदूषणाचे नवे निकष लागू व्हायचे होते, त्यामुळे जुन्या इंजिनांचे जॉब कमी होत गेले आणि नव्यांची ड्रॉइंग अजून यायची होती. मधल्या खड्ड्यात २५ मार्चचं लॉकडाउन आलं. त्या एप्रिलमध्ये देशातली सर्वांत मोठी कार कंपनी असलेल्या मारुतीने देशाच्या बाजारात एकही गाडी विकली नाही. यावरून भोसरीतल्या शेडचं काय झालं असेल ते समजावं. दादांचे नऊ कामगार बिहार आणि उत्तर प्रदेशात परत गेले, पाच राहिले.

केंद्राने मे २०२० मध्ये तातडीची पतहमी योजना आणली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज शिल्लक, त्याच्या २० टक्के आणखी, तारण न देता, आणि पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही. दादांनी ते जुलैमध्ये घेतलं. दिवाळीपर्यंत दुचाकीची मागणी परत आली, सात कामगार परत आले आणि गाडी रुळावर आल्यासारखं वाटलं. मला ते एकदा म्हणाले होते, "सर, मशीन बंद ठेवायलाही हप्ता लागतो." मुद्दलाचा हप्ता ऑगस्ट २०२१ पासून सुरू व्हायचा होता. ही तारीख लक्षात असू द्या.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागले. २२ एप्रिलपासून केंद्राने नऊ उद्योग वगळून बाकी सगळ्यांचा औद्योगिक ऑक्सिजन बंद केला आणि सिलिंडर रुग्णालयांकडे वळवले. ते बरोबरच होतं. पण गॅस कटिंग ऑक्सिजनवर चालतं. दादांच्या शेजारचा फॅब्रिकेशनवाला हातावर हात ठेवून बसला, त्याच्याकडून येणारी, जॉब मशीनवर पकडून ठेवणारी फिक्स्चरं थांबली आणि व्हेंडरने शेड्यूल अर्ध्यावर आणलं. शहरात माणसं ऑक्सिजनसाठी रांगेत उभी होती आणि त्याच ऑक्सिजनवाचून भोसरीतली मशीनं थांबली होती.

कपाटातला रिपोर्ट

आमच्या केमिकल विभागात २०१९ मध्ये शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी एक प्रोजेक्ट केला होता: हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी दोन नळ्यांची छोटी मांडणी. तत्त्व सोपं आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली हवा झिओलाइटमधून सोडली की झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की धरलेला नायट्रोजन सोडून देतो. दोन नळ्या आळीपाळीने चालवल्या, एक धरते तेव्हा दुसरी सोडते, की ऑक्सिजनचा प्रवाह अखंड राहतो. कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हेच, वर एक तेलविरहित कॉम्प्रेसर, एक व्हॉल्व्ह आणि वेळ मोजणारं सर्किट. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले, रिपोर्टला काळं बाइंडिंग झालं आणि तो कपाटात गेला. दरवर्षी असे शेकडो रिपोर्ट कपाटात जातात.

त्या चारांतला एक मुलगा नोकरी मिळेना म्हणून दादांकडे सीएनसी प्रोग्रामिंगला लागला होता. २४ एप्रिलला त्याने मला फोन केला, "सर, आपला रिपोर्ट आहे ना अजून? शेठ विचारतायत, नळ्या आणि झाकणं आपण करू शकतो."

उद्योग-संपर्क विभागाचा प्रमुख म्हणून सांगायला लाज वाटते, पण ही भागीदारी आमच्या विभागाने घडवली नाही. मनासारखी नोकरी न मिळालेल्या एका मुलाने ती घडवली. त्याला दोन्हीकडची भाषा येत होती. मॅडम 'बेड' म्हणाल्या की दादांना काय सांगायचं आणि दादा 'पाच मायक्रॉनात बसेल' म्हणाले की मॅडमना काय सांगायचं, हे त्याला ठाऊक होतं.

तिसरा भागीदार शहराच्या हद्दीबाहेरचं एक सरकारी रुग्णालय. तिथले डॉक्टरसाहेब माझ्या ओळखीचे. फोन केला तेव्हा ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "आणा तर खरं, बघू." सरकारी भाषेत 'बघू' हा शब्द फार मोठा असतो, त्यात होय, नाही आणि नंतर असं सगळं मावतं. पण एक गोष्ट त्यांनी लगेच केली. रुग्णालयातला ऑक्सिजनची शुद्धता मोजणारा हातातला ॲनालायझर त्यांनी आठवडाभरासाठी आम्हाला दिला, कुठल्याही कागदाशिवाय, तोंडी बोलण्यावर. या प्रकरणात सरकारी बाजूने मिळालेली सर्वांत मोलाची वस्तू मी तीच मानतो.

अकरा पानं आणि एक चलन

३ मे रोजी मी एमओयूचा मसुदा पाठवला. अकरा पानं. पेटंट कुणाचं, नाव कुणाचं आधी, वाद झाल्यास न्यायक्षेत्र पुणे. आमच्या कायदा सल्लागारांनी पेटंटच्या कलमावर तीन वेळा बदल सुचवले. दादांनी कधी वकील लावलेला नव्हता, त्यांनी तो कागद पुतण्याला वाचायला दिला. २४ जूनला सह्या झाल्या. तोवर चार मशीनं बनून, बिघडून, दुरुस्त होऊन परत सुरू झाली होती.

मधले सात आठवडे काम डिलिव्हरी चलनावर चाललं. 'ट्रायलसाठी, विक्रीसाठी नाही' असं वर लिहायचं, खाली नग आणि वजन. पहिल्या चलनाच्या मागे मॅडमनी निळ्या पेनाने चार ओळी लिहिल्या: झिओलाइट कॉलेजचा, नळ्या आणि झाकणं कारखान्याची, चाचणीचे आकडे दोघांचे, बिघडलेला माल कुणी फेकायचा नाही. माझ्या मते खरा करार तो होता. शेवटची ओळ किती महत्त्वाची होती हे जूनमध्ये कळलं.

भागीदारी कशी असावी यावर पुण्यात भाषणांची कमी नाही. चांगल्या कामाचीही कमी नाही, हे इथे सांगायलाच हवं. मार्च २०२० मध्ये देशी बनावटीचा पहिला मान्यताप्राप्त कोविड आरटी-पीसीआर किट इथल्याच मायलॅब कंपनीने काढला. त्या टीमच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी किट तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची प्रसूती झाली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पडद्याच्या तंत्राने ऑक्सिजन वाढवणारं यंत्र केलं, त्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचं पुणे युनिट सोबत होतं. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या पुढाकाराने आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पुणे नॉलेज क्लस्टर उभं राहिलं.

पण माझ्या डोक्यात तुलनेला नेहमी येतं ते २०२० च्या उन्हाळ्यानंतरचं सिरो सर्वेक्षण, म्हणजे किती लोकांच्या रक्तात कोविडच्या अँटीबॉडी आहेत याची पाहणी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर ही विज्ञानसंस्था आणि महापालिका एकत्र आले, फरिदाबाद आणि वेल्लोरच्या संस्थांनी साथ दिली, पैसा पर्सिस्टंट फाउंडेशनचा. २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात पाच प्रभागांतून १,६६४ जणांचं रक्त घेतलं आणि १७ ऑगस्टला निकाल जाहीर केला: ५१.५ टक्के लोकांत अँटीबॉडी. लोहियानगर-कासेवाडीत ६५.४, कसबा-सोमवार पेठेत ३६.१. विद्यापीठ, खासगी पैसा आणि सरकार यांचं काम एका महिन्यात पूर्ण! आम्हाला का जमलं नाही, असं मला बरेच दिवस वाटत होतं. नंतर लक्षात आलं की त्या कामातून निघालं ते एक उत्तर होतं, विकायचा माल नव्हे. ते कुणी विकत घ्यायचं नव्हतं, त्याचं टेंडर नव्हतं, त्याची गॅरंटी नव्हती. आमच्या शेडमधून निघणार होती ती वस्तू. रुग्णाच्या नाकाला लागणारी.

वाटीची टेस्ट

कॉम्प्रेसर मिळेना. तेलविरहित कॉम्प्रेसर बहुतेक बाहेरून येतात आणि त्या महिन्यात सगळ्या देशाला तेच हवे होते. मग कुणाला तरी सुचलं की दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीला तेलविरहित कॉम्प्रेसर असतो आणि दातांचे बरेच दवाखाने तेव्हा बंद होते. एका डेंटल मालाच्या दुकानदाराने सात कॉम्प्रेसर दिले. आवाज फार, पण चालायचे. लिथियमचा झिओलाइट, जो चांगल्या मशीनमध्ये असतो, मिळालाच नाही. साधा १३-एक्स मिळाला. तो नायट्रोजन कमी धरतो, म्हणून नळ्या जाड कराव्या लागल्या. मशीन बुटकं आणि ढेरपोटं दिसू लागलं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'लंबोदर'.

मेच्या शेवटी पहिली चार मशीनं मिनिटाला पाच लिटरवर ९१-९२ टक्के शुद्धता दाखवू लागली. वैद्यकीय ऑक्सिजन ९० ते ९६ टक्क्यांत असावा लागतो. शेडमध्ये पेढे वाटले. दुसऱ्या लॉटची चार मशीनं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरली. पहिल्या दिवशी ८९. दुसऱ्या दिवशी ८६. तिसऱ्या दिवशी ८४.

दादांना वाटलं लीक आहे. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. ओ-रिंग बदलल्या. मुलाने व्हॉल्व्हची वेळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पुढेमागे करून पाहिली. मग झाकणाच्या बोअरवर संशय आला, तो परत मोजला, ड्रॉइंगप्रमाणेच होता. चार दिवस यात गेले. दादा चिडले होते, कारण संशय त्यांच्या कामावर होता आणि काम चोख होतं.

पाचव्या दिवशी मॅडम भोसरीला आल्या. बाहेर पाऊस. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही, आधी विचारलं, "भरलं कुठे?" इथेच, टेबलावर. "शटर?" अर्धं वर होतं, उजेडासाठी, त्या दिवशी लाइट ये-जा करत होती. "डबा किती वेळ उघडा होता?" कुणालाच आठवेना. मग एक पोरगा हळूच म्हणाला, "चहा प्यायला गेलो होतो तेव्हा उघडाच होता, मॅडम."

झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त आवडतं. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी तो हवेतून ओढून घेतो, आणि एकदा पाण्याने भरला की नायट्रोजनला जागा उरत नाही. मेच्या कोरड्या उन्हात भरलेली मशीनं चालली, जूनच्या पावसात भरलेली बसली. पुस्तकात हे सगळं होतं. रिपोर्टच्या ३१ व्या पानावरही होतं. पण रिपोर्ट एअर कंडिशन्ड लॅबमध्ये लिहिला गेला होता आणि मशीन अर्ध्या उघड्या शटरखाली भरलं गेलं होतं.

मॅडमनी स्टीलच्या दोन वाट्या मागवल्या. एकीत मेच्या बंद डब्यातले चार चमचे, दुसरीत जूनच्या मशीनमधून काढलेले चार चमचे. दोन्हींत थोडं थोडं पाणी. पहिल्या वाटीतून चुर्र आवाज आला आणि वाटी हातात धरवेना, थर्मामीटर ५० च्या वर गेला. दुसरी वाटी तशीच, जेमतेम कोमट. कोरडा झिओलाइट पाणी पिताना उष्णता सोडतो. पाणी प्यायलेल्याकडे सोडायला काही उरलेलं नसतं. शेडमधली सगळी माणसं गोल करून बघत होती. दादांनी दोन्ही वाट्यांना बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे लीक नव्हतं." एवढंच. पण चार दिवसांत ते पहिल्यांदा खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून वाटी भोसरीची झाली. आमच्याकडे आर्द्रता मोजायचं दीड लाखाचं उपकरण आहे, ते लॅबबाहेर काढायला विभागप्रमुखांची सही लागते. दादांनी शेल्फवर एक वाटी, एक चमचा आणि एक साधा थर्मामीटर ठेवला. भरण्याआधी प्रत्येक डब्यातून एक चमचा, आणि खडूने भिंतीवर आकडा. चाळीसच्या खाली आला तर डबा बाजूला.

बाजूला ठेवलेला माल सुकवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. ३०० अंशांच्या वर काही तास तापवला की पाणी निघून जातं, पण आमच्या लॅबच्या भट्टीत एका वेळी दोन किलोच मावायचा. इथे चौथा भागीदार आला, जो कुठल्याच एमओयूत नव्हता: दोन गाळे सोडून असलेला, धातूचे भाग भट्टीत तापवून देणारा हीट ट्रीटमेंटवाला. त्याच्याकडे टेम्परिंगची मोठी भट्टी. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी रात्री शेवटचा लॉट काढला की भट्टी रिकामी. तो म्हणाला, "तापलेलीच आहे, ठेवा तुमची खडी, विजेचं बघून घेऊ." वॉचमनचा शब्द एव्हाना भोसरीत पोचला होता. ट्रेमध्ये पातळ थर पसरायचा, पहाटे चारला काढायचा आणि गरम असतानाच क्लिपच्या डब्यांत घट्ट बंद करायचा. हातमोजे घालून हे काम दादा स्वतः करायचे. मालाचं चहाशी असलेलं नातं त्यांना ठाऊक झालं होतं.

२० जूनला दुसरा लॉट ९१ वर आला.

कोण विकत घेणार

इथून पुढचं प्रकरण लवकर सांगून होतं, कारण त्यात कुणाची हुशारी नाही.

जूनअखेर पुण्यातले रुग्ण कमी झाले होते. परदेशातून आलेले आणि देणगीतले कॉन्सन्ट्रेटर रुग्णालयांत पोचले होते. डॉक्टरसाहेबांचं 'बघू' आता नाहीकडे झुकलं. मी जरा तावातावाने बोललो, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "विजेच्या सुरक्षिततेचं सर्टिफिकेट आहे? उद्या माझ्या पेशंटला काही झालं तर तुमचा एमओयू दाखवू का?" त्यांचं बरोबर होतं. ते सर्टिफिकेट पुण्यातल्याच एका लॅबमधून ऑगस्टमध्ये आलं. ज्या महिन्यात ते आलं, त्याच महिन्यात पतहमीच्या कर्जाचा पहिला हप्ता गेला.

जीएसटीची एक गंमत सांगतो, जी दादांना मुळीच गमतीची वाटली नाही. १२ जूनला जीएसटी परिषदेने कॉन्सन्ट्रेटरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, ३० सप्टेंबरपर्यंत. रुग्णासाठी चांगलंच झालं. पण दादा कॉम्प्रेसर १८ टक्के भरून घेत होते आणि मशीन ५ टक्क्यांनी विकणार होते. मधला फरक सरकारकडे जमा. परतावा मिळतो, पण अर्ज करा, वाट बघा, आणि तोवर पैसा अडकलेला. मोठ्या कंपनीला हे जाणवत नाही. चौदा माणसांच्या शेडमध्ये तो एका महिन्याचा पगार असतो.

मग मी योजना शोधल्या. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह मला मनापासून आवडतो, कारण त्यात विजेत्यांना पुरस्काराऐवजी सरकारी खात्याची कामाची ऑर्डर मिळते, तेव्हा ती १५ लाखांपर्यंतची होती. म्हणजे सरकार पहिलं गिऱ्हाईक होतं. नेमकं हेच हवं होतं. पण दादांची फर्म प्रोप्रायटरी, आणि केंद्राच्या व्याख्येत एकल मालकीची फर्म स्टार्टअप होत नाही. शिवाय वयही दहा वर्षांच्या वर. पंचविशीतल्या मुलाने लॅपटॉपवर काढलेली कंपनी नवोन्मेषी, आणि पन्नाशीतल्या टर्नरने भट्टीत खडी सुकवून जमवलेलं मशीन कुठल्याच रकान्यात नाही. इथे माझा राग आहे, तो लपवत नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करावी, असं केंद्राचं धोरण आहे, पण ते केंद्रीय खात्यांना आणि केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांना लागू. आमचं रुग्णालय त्यात बसत नव्हतं.

एकूण अकरा मशीनं बनली. सहा एका कंपनीने सर्टिफिकेट आल्यावर तिच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, घेतली आणि तिसऱ्या लाटेच्या तयारीसाठी तालुक्याच्या ठिकाणी दिली. दोन चाचणीत कापली. एक कॉलेजात काचेच्या कपाटात आहे, पाटीवर आमच्या संचालकांचं नाव. दोन दादांच्या माळ्यावर. सहा मशीनांचं बिल ९६ दिवसांनी मिळालं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी दादांना तक्रार करू का विचारलं. ते म्हणाले, "सर, पुन्हा कधी त्यांच्या दारात उभं राहायचं नाही का?"

या वळणावर मी अहवाल लिहिला आणि त्यात 'यशस्वी सहकार्य' असं लिहिलं. फोटो जोडला. दादांचे घातलेले साडेचार लाख त्यात नव्हते, कारण तसा रकानाच नव्हता.

पिवळा दिवा

फेब्रुवारी २०२२ मध्ये डॉक्टरसाहेबांचा स्वतःहून फोन आला. "तुमचा तो टर्नर अजून आहे का?"

रुग्णालयाच्या मागच्या स्टोअरमध्ये पांढऱ्या कॉन्सन्ट्रेटरची रांग लागली होती. काहींच्या चाकांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. प्रत्येकावर देणगीदाराचा स्टिकर. स्टोअरकीपरने एकेक प्लगला लावून दाखवलं: मशीन गुरगुरतं, दोन मिनिटं जातात आणि पिवळा दिवा लागतो. ऑक्सिजन कमी. सतरा मशीनं, सतरा पिवळे दिवे. एक अख्खा पावसाळा ती ओल्या भिंतीला टेकून, न चालवता पडून होती. विकत घ्यायला किंवा देणगी मिळवायला फाइल असते, सांभाळायला नसते. देखभालीचा करार कुणी केलाच नव्हता, आणि बाहेरून आलेल्या मशीनचे सुटे भाग मागवायचे कुठून हे स्टोअरकीपरला कोण सांगणार?

दादांनी एका मशीनचं झाकण उघडलं, नळी सोडवली, चमचाभर गोळ्या हातावर घेतल्या. म्हणाले, "वाटी आहे का?"

स्टोअरकीपरच्या डब्यातली वाटी आली. कोमट.

ते काम कोटेशनवर बसण्याएवढं छोटं होतं, म्हणून टेंडरची गरज पडली नाही. सतरांपैकी बारा मशीनं नुसती खडी सुकवून परत ९० च्या वर आली. पाचांतली खडी ओल आणि उष्णता दोन्हींनी खराब झाली होती, तिथे नवा लिथियम झिओलाइट भरला, जो एव्हाना मिळू लागला होता. कोणती सुकवून वाचते आणि कोणती वाचत नाही, हे आधीच ओळखता येईल का, असा प्रश्न मॅडमना पडला. वाटीतला आकडा आणि सुकवल्यानंतरची शुद्धता यांचा तक्ता त्या आता ठेवतात. दोन मुलांचे प्रोजेक्ट त्यावर झाले. त्यांचे रिपोर्ट मी बघितले. दुसऱ्या पानावर टेम्परिंगच्या भट्टीचा फोटो आहे, आणि आभारात हीट ट्रीटमेंटवाल्याचं नाव, आडनावात एक चूक करून.

काम वाढलं, पण फार नाही. आणखी तीन रुग्णालयं, काही वृद्धाश्रम, घरी ऑक्सिजन लागणारे काही रुग्ण. दादांच्या उलाढालीचा सात-आठ टक्के भाग. दुचाकीचे जॉब अजूनही मुख्य. पण या कामाचे पैसे आठवड्यात येतात आणि त्यात व्हेंडरचा व्हेंडर नाही. मशीन बनवण्यासाठी कुणी ऑर्डर दिली नाही, बिघडलेलं नीट करायला देतात. एमओयूत 'दुरुस्ती' हा शब्द अकरा पानांत एकदाही नव्हता, हे मी नंतर तपासलं. तो मसुदा मीच लिहिला होता म्हणूनच तपासलं.

त्या एमओयूची तीन वर्षांची मुदत जून २०२४ मध्ये संपली. नूतनीकरणासाठी मी फाइल वर पाठवली, ती अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे. डबे मात्र येतात-जातात. परवा मंगळवारी एक मुलगी स्कूटीच्या पुढच्या जागेत दोन क्लिपचे डबे ठेवून मागच्या गेटवर थांबली होती, बुधवारची भट्टी गाठायला. वॉचमन आता नवा आहे. त्याने काय लिहू म्हणून मागची पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि खाली तसंच उतरवलं: पांढरी खडी, २ डबे, भोसरी.